नानांच्या नावाची फरशी

रविवार, २१ जानेवारी १९६२. शाबान महिन्याची चौदावी. हजर : मी, माझे बडे मामू, एक वळकटी, कापडात बांधलेली हलव्याची परात, दोन पणत्या, तेलाची बाटली आणि माझ्या नानांचे (आईच्या वडिलांचे) नाव कोरलेली फरशी. हजेरीत सर्वांत जड तीच होती.

यवतमाळात मी मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहते. सामान बांधणे, माणसे मोजणे आणि वेळेवर निघणे ही माझी रोजची कामे. त्यामुळे हा प्रवास मला सोपा वाटला होता.

प्रवासाचे कारण सांगते. त्या संध्याकाळी शब-ए-बरात लागत होती. आमच्यात असे मानतात की या रात्री पुढच्या वर्षाचे सगळे वर लिहिले जाते : कोण जन्मणार, कोण जाणार, कोणाला किती दाणापाणी. माणसे रात्रभर नमाज पढतात, कबरींवर दिवे लावतात, गेलेल्यांसाठी दुआ मागतात. पण मनात अढी धरून बसलेल्याला या रात्री माफी नाही. म्हणून सूर्य मावळायच्या आत एकमेकांना ‘कहासुना माफ’ (बोललो-चाललो असेन ते माफ करा) म्हणून घ्यायचे.

माझे दोन मामू तीन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. नाल्याच्या पुराने गावचे कबरस्तान सपाट झाले, मातीच्या कबरी ओळखू येईनात. बडे मामू म्हणाले, अब्बा बोरीखाली आहेत. छोटे मामू म्हणाले, नाल्याकडच्या कोपऱ्यात. तेव्हापासून बडे मामू यवतमाळला मुलीकडे राहत. शब-ए-बरातला गावी जायचे, बोरीखाली दिवा लावायचा आणि घरात पाऊल न टाकता परतायचे.

यंदा हिवाळ्यात त्यांना दम्याने फार छळले. परवा ते मला म्हणाले, “बेटा, यंदा माह्या नावापुढं काय लिवतात कोणाले ठाव. अढी घेऊन जाचं नाही मले.” पण लगेच पुढे म्हणाले, “फरशी मात्र बोरीखालीच बसवाची.”

एस.टी.च्या कंडक्टरने फरशीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“बाई, कुठं नेता हे?”

“झरीकडं.”

“तिकडं दगडच दगड हाय. इथून कायले नेता?”

“हा लिहिलेला दगड आहे.”

“मंग ह्याले शिटावर बसवा, शिकलेला हाय तर.”

पांढरकवड्याला बस बदलली. फरशी उतरवायला आणि चढवायला चार भल्या माणसांनी हात लावला. चौघांनीही तोच प्रश्न विचारला. फाट्यावर तांड्यावरच्या रामजीची बैलगाडी मिळाली. दोन्हीकडे कापसाची शेते होती. अर्धी वेचलेली, अर्धी पांढरी. रामजीने उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढे केल्या. मिठातल्या त्या कोमट शेंगांनी बसचा शीण गेला. मामूंनी त्याला सगळी हकीकत सांगितली.

“म्हणजे एका बापाच्या दोन कबरी?” रामजी म्हणाला.

“एकच हाये. बोरीखाली.”

“आन् धाकल्याची?”

“त्याची चुकली हाये.”

रामजीने बैलांना हाकारले.

एका मोठ्या धक्क्याने फरशी सरकली आणि अक्षरांच्या बाजूने थेट परातीवर बसली. चण्याच्या डाळीचा घट्ट हलवा कापडासकट दबला. गावच्या घरी पोहोचून गाठ सोडली, तर हलव्यावर नानांचे नाव उलट पण ठसठशीत उमटलेले. छोट्या मामीने हातातली सुरी खाली ठेवली.

“सासऱ्याच्या नावावर सुरी चालवू काहून?”

“मामी, फातिहा (गेलेल्यांसाठी पढून वाटायचा प्रसाद) त्यांच्याच नावाने द्यायचा आहे. नाव लिहून आले, एवढेच,” मी म्हणाले. तिने तरी परात तशीच झाकून ठेवली.

आमच्याआधी छोटे मामू ओसरीत येऊन बसले होते. बडे मामू समोरच्या बाजेवर टेकले. मधे मी.

“त्याइले इचार, बस टायमावर आलती का,” छोटे मामू मला म्हणाले.

“त्याले सांग, आलती.”

“त्याइले इचार, दमा कसा हाये.”

“त्याले सांग, हाये.”

मी दोनदा निरोप पोहोचवले. मग म्हटले, “दिवस कलतोय. कहासुना म्हणून घ्या.”

“तो धाकला हाये, त्यानं आधी म्हणावं.”

“ते चुकले हायेत, त्याइनं आधी म्हणावं.”

तेव्हा मी दोघांच्या हातात एकेक पणती दिली आणि कबरस्तानाकडे निघायला लावले. आमच्याकडे बायका आत जात नाहीत. मी काटेरी कुंपणाशी थांबले. कुंपण कमरेइतकेच, त्यामुळे ऐकण्याची गैरसोय नव्हती.

बडे मामू बोरीखाली पोहोचले, तर तिथे गावचा पिंजारी उस्मानभाई पणतीत वात घालत बसलेला.

“उस्मान, माह्या बापाच्या कबरीवर काय करून राह्यला तू?”

“तुमच्या बापाच्या? भाईजान, हा माहा सासरा. ही बोर म्याच लावली याच्या उशाशी.”

बड्या मामूंनी बोरीला हात टेकला.

“दरसाल मगरीबनंतर येतो,” उस्मानभाई सांगू लागला, “तर दिवा आधीच लागलेला. बायकोले म्हणलं, तुहा बाप लय पोहोचलेला होता, फरिश्ते दिवा लावून जातात. यंदा लवकर आलो फरिश्ते पाहाले.” त्याने बड्या मामूंना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “ते तुमी होते काय!”

मी मागोमाग बोरीपाशी आलेल्या छोट्या मामूंकडे पाहिले. आता ते तीन वर्षांचे उट्टे काढणार, अशी माझी खात्री होती. बडे मामू बोरीला हात टेकून उभे होते. दम लागला होता. म्हणाले, “मंग तुहीच खरी. नाल्याकडची.”

छोटे मामू पणतीकडे पाहत राहिले. “नाही भाईजान. मलेबी ठाव नाही.”

“काय?”

“तुमी बोरीखाली म्हणले, म्हणून मी नाल्याकडं म्हणलो.”

“तीन सालं?”

“एकदा म्हणलं, की म्हणलं.”

बड्या मामूंना हसू आले, हसताना खोकला आला, आणि खोकताना छोट्या मामूंनी त्यांची पाठ धरली.

“कहासुना माफ कर रे.”

“तुमी करा आधी.”

“मी आधी म्हणलो!”

“तुमी आधी म्हणले, तर माफ मी आधी करतो!”

एवढ्यात मगरीबची (सूर्यास्ताच्या नमाजाची) अजान झाली. आधी कोण, हे कायमचे अनिर्णित राहिले.

आता दोनच पणत्या कुठे लावायच्या? नाना कुठेही असू शकत होते. ठरले असे, की बिननावाच्या एकाही कबरीला वगळायचे नाही. मामी आणि मी शेजारची घरे फिरलो. पाटलीणबाईंनी दिवाळीतल्या पणत्यांची टोपली काढून दिली. रामजीने तेल आणले. चंद्र वर येईपर्यंत सगळे कबरस्तान उजळले. ज्यांचे कोणीच उरले नव्हते, त्यांनाही त्या रात्री दुआ मिळाली. उस्मानभाईच्या सासऱ्याला तर तीन वर्षांपासून जादाच मिळत होती.

रात्री पुरुष मशिदीत गेले, मामी आणि मी घरात मुसल्यावर (नमाजाच्या आसनावर) बसलो. वर इतका बारीक हिशेब ठेवला जातो, तर नाना कुठे आहेत हे तिथे नक्की नोंदलेले असणार, या विचाराने मला मोठा धीर आला.

सकाळी हलवा कापला. नावाचा तुकडा दोघा भावांनी वाटून खाल्ला. गाडी जुंपली. वळकटी, रिकामी परात, बाटली, सगळे ठीक होते. फरशी ओसरीच्या भिंतीला टेकून उभी होती.

“हिचं काय करू भाईजान?” छोट्या मामूंनी विचारले.

बडे मामू गाडीत चढून, घोंगडी सावरून, दम घेऊन म्हणाले, “राहू दे तशीच. कुठं बसवाची ते ठरवाले मले पुढच्या साली यावंच लागते ना.”

यवतमाळला पोहोचून कामे तपासली. सगळी झाली. फरशी बसवणे बाकी.