महादूचा डोंगर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता हे वाक्य वाचून आमच्या बंदरावरचं कुत्रंसुद्धा हसेल. गजाने न सांगितलेली गोष्ट? अशी एक तरी या किनाऱ्यावर उरली आहे का? आगरदांड्याहून फेरीबोट सुटली की दिघीला लागेपर्यंत मी शेजारच्या माणसाला तीन वादळं, दोन भुतं आणि एक मगरीएवढी सुरमई ऐकवून मोकळा होतो. ते सगळं खरं. म्हणजे, ऐकवतो हे खरं. पण ही एक राहिली. तशी तीही शंभर वेळा सांगितलीच आहे म्हणा — फक्त जी सांगितली ती ही नव्हे.

तुम्ही तो सिनेमा पाहिला असेल, नसेलही. फुटलेली होडी, दोन कोळी, एक निळं प्लास्टिकचं पिंप आणि दोन दिवस चारी बाजूंना पाणी. सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात : सत्य घटनेवर आधारित. ती सत्य घटना म्हणजे मी. दोघांपैकी जो परत आला, तो.

पण सिनेमाकडे जाण्याआधी एक नियम सांगायला हवा. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही तो पाठ आहे : गजा बोलला की निम्मं कापायचं. मी हातभर मासा म्हटलं की लोक वीतभर धरतात. मला त्याचा राग नाही. लोक निम्मं कापणार हे ठाऊक असल्यामुळे मी आधीच दुप्पट सांगतो, आणि शेवटी सगळ्यांच्या पदरात खरं तेवढंच पडतं. मग मी खोटारडा कसा? — असं मी कितीतरी वर्षं स्वतःला विचारत आलो आणि स्वतःच हसत आलो.

हा नियम काढला महादूने. होडी आमची भागीत होती. इंजिन त्याचं, जाळी माझी. मी गोष्ट रंगात आणली की तो गालातली तंबाखू दुसऱ्या गालात सरकवायचा आणि एवढंच म्हणायचा, "निम्मं, गज्या." खोटं बोलतोस असं तो मला जन्मात कधी म्हणाला नाही. फरक कळतो ना तुम्हाला? त्याला माझं निम्मं तरी खरं वाटायचं.

चौदा वर्षांपूर्वी आमची होडी फुटली. न्हावा शेव्याकडे निघालेलं एक मोठं जहाज जवळून गेलं, त्याच्या लाटेने आम्हाला आडवं घेतलं आणि जुनी फळी निखळली. मी आजवर सांगत आलो की लाट माडाएवढी होती. नव्हती. घराच्या पागोळीएवढी असेल. आमच्या होडीला तेवढी पुष्कळ झाली. इंजिनापाशी महादू होता, सगळं डिझेल त्याच्या तोंडावर उडालं. पिंप हाताला लागलं तेव्हा त्याचे डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी ते सुजून इतके बंद झाले की बोटांनी पापणी उघडली तरी त्याला नुसता उजेड कळायचा.

एवढं लक्षात ठेवा. मी विसरलो होतो — नाही, विसरलो नव्हतो. तुम्ही विसराल अशी मला आशा होती.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत गुजरातकडच्या एका ट्रॉलरने मला उचललं. एकट्याला. एक रात्र इस्पितळात काढून गावात आलो, आणि बंदरावर जमलेल्या पाचशे माणसांना — बरं, साठ — मी काय झालं ते सांगितलं. महादूच्या पोटात खारं पाणी गेलं, डोक्यावर परिणाम झाला. दुपारी ओरडायला लागला, डोंगर दिसतोय, दिघीचा डोंगर. मी नको नको म्हणत असताना पोहत सुटला. मी सदरा धरला, सदरा फाटला.

तुम्हाला वाटेल, लोक रडले असतील. रडले, त्या दिवशी रडले. पण मी गोष्ट सांगणारा माणूस. तिसऱ्या वेळेला मी महादूची नक्कल केली : हात असा पुढे, "त्यो बग डोंगर! थांब गज्या, जाऊन च्या घेऊन येतो!" कुणीतरी हसलं. हसलं म्हटल्यावर मी चौथ्या वेळेला ती जास्त रंगवून केली. वर्षभरात गावात म्हणच पडली. कुणी म्हणालं की यंदा पापलेट उदंड लागणार, तर दुसरा म्हणायचा, "व्हय व्हय, महादूचा डोंगर!" निवडणुकीतलं आश्वासन म्हणजे महादूचा डोंगर. मुलीकडच्यांनी कबूल केलेली मोटारसायकल म्हणजे महादूचा डोंगर. त्याची मुलगी दीपाली तेव्हा दुसरीत होती. शाळेत तिला चिडवायला पोरांना वेगळं काही शोधावं लागलं नाही.

आणि मी? मी तिला दर वर्षी दप्तर घेऊन द्यायचो. तिच्या आईसमोर, यमुना वहिनींसमोर, महादू किती भला होता ते सांगायचो. त्या बोंबील वाळत घालायच्या वलांडीपाशी उभ्या राहून ऐकायच्या. हात थांबायचे नाहीत त्यांचे.

मग सिनेमावाले आले. एक तरुण मुलगा आणि एक मुलगी, हातात रेकॉर्डर. चार दिवस माझ्या ओटीवर बसले आणि — काय सांगू तुम्हाला — निम्मं कापत नव्हते! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं अख्खं ऐकत होतं. मी त्यांना शार्क दिला. आमच्या वाट्याला शार्क कुठला यायला? पण त्यांचे डोळे असे मोठे झाले की मी दुसरा पण दिला. ओघात एकदोन खऱ्या गोष्टीही सुटल्या तोंडातून. त्यातली एक अशी, की पहिल्या दिवशी पिंपाला लटकलेला महादू घोर लावून बसला होता तो बोंबलांचा. वलांडीवरचे बोंबील फिरवायचे राहिलेत, यमुना आज मला सोलणार, असं तो तीनतीनदा म्हणाला.

सिनेमा लागला तेव्हा दोन टेम्पो भरून गाव पनवेलला गेलं, दुपारच्या खेळाला. वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीत, दीपाली दोन ओळी पुढे. पांढरी अक्षरं आली आणि आमच्या लोकांनी अशा शिट्ट्या मारल्या की पनवेलकर वळून बघायला लागले. मी उठून नमस्कार केला. हो, केला. काय लपवायचं आता?

मी पडदा बघत नव्हतो, मी माणसं बघत होतो. गोष्ट सांगणाऱ्याची ती खोडच असते. शार्क आला तेव्हा बायका किंचाळल्या, मागच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याचा हात घट्ट धरला. मग पडद्यावरचा महादू बोंबलांबद्दल बोलला, आणि मागून एक शहरी आवाज आला, "काहीपण दाखवतात यार. मरायला टेकलेला माणूस बोंबलाचं बोलेल का?" लोक हसले. अख्ख्या सिनेमात तेवढं एकच तर खरं होतं! शेजारी वहिनींनी पदर तोंडाला लावला. सगळ्या खेळात त्या तेवढ्याच एका जागी रडल्या.

आणि मग डोंगर आला. पडद्यावरच्या महादूचे डोळे चांगले होते, मोठे, पाणीदार. नटाचे डोळे सुजवून कोण दाखवणार? त्याने हात पुढे केला, ओठांवर मीठ साचलेलं, आणि ओरडला. थिएटर गप्प. आणि त्या शांततेत आमच्याच रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "महादूचा डोंगर!"

आमचं गाव हसलं. गाव हसतंय म्हणून पनवेलही हसलं. मला दोन ओळी पुढे दीपालीची मान दिसत होती. ती हलली नाही. हसली नाही, रडली नाही, मागे वळली नाही. शेवटी मी — पडद्यावरचा, माझ्यापेक्षा चौपट देखणा — वाचलो तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि ती तशीच बसलेली.

खरं सांगू? त्या टाळ्यांमध्ये मला फसवल्यासारखं झालं. मला! राग आला सगळ्यांचा. अरे, माझ्या सुरमईवर शंका घेणारी माणसं तुम्ही, वीतभर मासा सोडला नाहीत मला. आणि एका माणसाचं मरण मात्र अख्खं गिळलंत? एकानेही कापलं नाही? चौदा वर्षांत एकदासुद्धा कुणाला वाटलं नाही, की हा गजा आहे, याचं निम्मं काढा? "निम्मं, गज्या" म्हणणारा एकच होता, आणि तो तर —

बाहेर आलो. पोरं माझ्याबरोबर फोटो काढत होती. टेम्पोपाशी वहिनींनी मला पाण्याची बाटली दिली आणि रोजच्या आवाजात विचारलं, "भाऊजी, आस्पत्रीत तुमी सांगितलं व्हतं, त्यांचं डोलं सुजून बंद झालं व्हतं म्हणून."

मी म्हटलं, असेल.

"मग डोंगर कसा दिसला त्यास्नी?"

चौदा वर्षं हा प्रश्न त्या बाईजवळ होता. दर वर्षी दप्तर घेताना होता, बोंबील उलटताना होता. मी काय बोललो ठाऊक आहे? म्हटलं, वहिनी, वेड लागल्यावर डोळे कशाला लागतात. त्या म्हणाल्या, "व्हय." आणि टेम्पोत चढून बसल्या.

आता सांगतो. पिंप दोघांना तारत होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण माझी जीभ घसरायची जागा ती हीच. दीड दिवस तारलं होतं, अजूनही तारलं असतं. फक्त दोघं असलो की दोन बाजूंनी लटकावं लागायचं. एकाला डुलकी लागली की पिंप फिरायचं आणि दुसरा पाण्याखाली जायचा. एकटा माणूस त्यावर छाती टाकून झोपू शकला असता. मला झोप हवी होती. एवढंच. जीव वाचवायचा होता असंही नाही, त्या घटकेला झोप हवी होती.

पट्टीचा पोहणारा महादू. डोळे तेवढे नव्हते. डोळे माझे. मी म्हटलं, "महादू, डोंगर दिसतोय. दिघीचा."

तो म्हणाला, "किती लांब?"

आणि इथे — ऐका — मी एक मैल म्हटलं असतं तर त्याने निम्मं कापून अर्धा धरला असता, आणि अर्ध्या मैलावरून किनाऱ्याची लाट ऐकू येते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून मी विचार करून बोललो. इतका विचार मी कुठल्याच गोष्टीत केला नव्हता. मी म्हटलं, "दोन मैल."

सुजलेल्या तोंडाने तो हसला. "गज्या दोन म्हंतो म्हंजे एकच आसंल." मग म्हणाला, "तू ऱ्हा हितंच, तुला जमायचं न्हाय. मी होडी घेऊन येतो." कुठे तोंड करू, असं त्याने मला विचारलं. मी त्याचे खांदे धरून त्याला वळवलं. सदरा फाटला नाही. मी सदरा धरलाच नव्हता.

मी छाती टाकून झोपलो. मला झोप लागली.

ट्रॉलर आला तो महादू गेला त्याच्या उलट्या बाजूने आला. त्यांनी विचारलं तेव्हा मी दिशा खरी दाखवली, आणि सूर्य बुडेपर्यंत ते फिरले. हे मी माझ्या बाजूने लिहितोय असं वाटलं तर हेही कापा. डेकवर उभं राहून मी चौफेर पाहिलं. तिथून, पाण्यापेक्षा इतक्या उंचावरूनही, डोंगर कुठे दिसत नव्हता.

वहिनींना वाचता येत नाही. उद्या सकाळी मी ही पानं दीपालीच्या हातात देणार आहे, ती त्यांना वाचून दाखवेल. माझ्या तोंडून सांगितलं असतं तर मी रंगवलं असतं.

महादूला वेड लागलं नव्हतं. त्याला कसलाही डोंगर दिसला नव्हता. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, तोही निम्मा कापून. तेवढा पुरला.