इरम्मानं पेरलेलं पंखांचं बी

नळदुर्गात बोरी नदीच्या अलीकडं इंजिनियरसाहेबांचा सरकारी बंगला होता. निजामाच्या शेवटच्या वर्षांत तिथली बाग जळकोटची इरम्मा सांभाळायची. तिचा नवरा बंडप्पा त्याच बागेत मोट हाकायचा. तो वारल्यावर साहेबांच्या पत्नीनं, मुनव्वर बेगमनं, इरम्माला गावी पाठवलं नाही, बागेचंच काम दिलं.

बागेत गुलाब होते, मोगरा होता, पण बेगमसाहेबांचा जीव एका परक्या झाडात गुंतलेला. त्यांच्या भावानं थंड मुलखातून आणलेलं मेपल. पान पसरलेल्या पंजासारखं. उन्हाळाभर इरम्मा त्याच्या खोडाला ओली पोती गुंडाळायची, वर तट्ट्यांची सावली करायची. एवढं करूनही झाड माणसाच्या डोक्यावर फारसं गेलं नाही.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा बी लागलं. इरम्माला वाटलं, कीड पडली. फांद्यांना टोळाच्या पंखांसारखे जोडजोड पंख लोंबत होते. तिनं मूठभर खुडून चुलीतल्या राखेत टाकले. ते बघून बेगमसाहेबांनी तिचा हात धरला.

"इरम्मा, यही तो बीज है."

त्यांनी एक जोडी व्हरांड्यातून वर फेकली. ती भिंगरीसारखी गरगरत पार इरम्मानं लावलेल्या तुळशीपाशी जाऊन टेकली. इरम्मा नुसती बघत राहिली. बी झाडाखाली पडावं, हे उडून कुठं निघालं?

त्या पावसाळ्यात रस्त्यावर रोज नवं काहीतरी ऐकू यायचं. रझाकारांच्या भीतीनं कितीतरी घरं सोलापूरकडं निघून गेली होती. भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर येणार अशी आवई उठली आणि एका सकाळी हैदराबादला जायला साहेबांच्या मोटारीवर ट्रंका चढल्या. बेगमसाहेबांनी वाळलेल्या बियांचं पुडकं इरम्माच्या ओटीत टाकलं.

"ये बो देना. मैं लेने आऊँगी."

कसं पेरायचं, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं, तोवर मोटार फाटकाबाहेर गेली होती.

थोड्याच दिवसांत सोलापूरच्या रस्त्यानं हिंदुस्थानचं लष्कर आलं. बंगल्यावरचा झेंडा बदलला. कुणी साखर वाटली, कुणी आतून कडी लावून बसलं. इरम्माची दोन्हीकडं माणसं होती. हसावं की घाबरावं, तिला ठरवता येईना. तिनं कुंड्या भरायला घेतल्या.

पंख वर ठेवायचा की खाली? जोडी तोडायची की तशीच पुरायची? काही बी तिनं असं पेरलं, काही तसं. बंगल्याचा चौकीदार शंकरप्पा बाजूला बिडी ओढत उभा होता.

"इरम्मा, आता तू कुणाच्या नोकरीत हाईस?"

"मला काय ठावं? तुमी कुणाच्या हाव?"

शंकरप्पानं बिडी विझवली. तो विहिरीवरून पाणी आणून देऊ लागला.

हिवाळा गेला. कुंड्यांत काहीच उगवलं नाही. एक बी तिनं नखानं फोडून पाहिलं, तर आत पोकळ. आपण राखेत टाकलेलंच भरलेलं होतं की काय, या विचारानं तिला जेवण जाईना. तरी पाणी घालणं तिनं सोडलं नाही. चैत्र-वैशाखात विहिरीमागच्या मोठ्या वावळाच्या झाडाच्या कागदासारख्या चपट्या बिया वाऱ्यानं साऱ्या बागेत पसरल्या. ती रोज झाडून काढायची.

ज्येष्ठात तीन कुंड्यांत कोंब आले. इरम्मानं शंकरप्पाला हाताला धरून आणलं.

"पान पंजावानी न्हाय," तो म्हणाला.

"ल्हान हाय अजून. वासराला जन्मतःच शिंगं असत्यात व्हय?"

पण दिवाळीपर्यंत रोपं गुडघ्याएवढी झाली आणि पानं तशीच लांबट राहिली. एकदा तिनं पान चोळून हुंगलं. वावळाचा तो उग्र वास. मेपलचं पान चोळलं, त्याला वासच नव्हता. ती गोंधळली. परकं झाड इथलं पाणी पिऊन बदलतं का? की सारं वर्ष तिनं दुसऱ्याच बियांना जपलं?

त्याच आठवड्यात बेगमसाहेब आल्या, भावासोबत, उरलेलं सामान न्यायला. खूप वाळल्या होत्या. मेपलजवळ थोडा वेळ थांबल्या, मग कुंड्यांकडं वळल्या.

"बाईसाहेब," इरम्मा म्हणाली, "म्या तुमचंच बी पेरलं. पर हे तुमच्या झाडाचं न्हाय वाटतं. वावळ असंल. मला खरंच कळंना झालंय."

बेगमसाहेबांनी रोपावरून बोट फिरवलं. "जो उगा है, वही दे दो."

इरम्मानं सगळ्यांत जोमदार कुंडी मोटारीत ठेवली. बेगमसाहेबांनी ती मांडीवर घेतली. आपलं बोलणं त्यांना कळलं की नाही, हे इरम्माला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पोती, तट्ट्या सगळं करूनही मेपल वाळलं. नव्या साहेबांनी तिथं भेंडी लावायला सांगितली, इरम्मानं लावली.

बऱ्याच वर्षांनी बेगमसाहेबांचा भाऊ सोलापूरला जाताना फाटकाशी थांबला. हैदराबादच्या अंगणातलं ते कुंडीतलं झाड आता भिंतीच्या वर गेलंय, उन्हाळ्यात पोपट येतात, म्हणाला. इरम्मानं विचारलं, "बाईसाहेबांस्नी ठावं हाय का, कुठलं झाड हाय?"

"कहती हैं, नलदुर्ग का है."

तो पाणी प्यायला आणि गेला. पुढं कितीतरी दिवस इरम्मा शंकरप्पाला विचारत होती, ते वावळ असल्याचं बाईसाहेबांना ठाऊक होतं म्हणायचं का नव्हतं. शंकरप्पा कधी होय म्हणायचा, कधी नाही.