पुढच्या ब्रेकचा मिस्त्री

"कोनं सांगतलं?"

मिस्त्रींशी कुठलंही बोलणं इथूनच सुरू व्हायचं. चेन सैल झाली म्हणा, पाऊस येणार म्हणा, रस्ता चौपदरी होणार म्हणा. ते हातातला पाना थांबवून, चष्मा कपाळावर चढवून, मान तिरकी करून विचारायचे. सांगणाऱ्याचं नाव कळलं की मग बातमीवर किती भरोसा ठेवायचा ते ठरवायचे. बहुतेक वेळा ठेवायचेच नाहीत.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. आमचा चिखलीला खामगाव रोडवर बसायचा. पत्र्याचं दुकान, समोर चिंचेची सावली, आणि त्या सावलीत गिऱ्हाईक उभं असेल तर तेही संशयितच. ब्रेक ऑइलची बाटली ते गिऱ्हाइकासमोर फोडत; त्याआधी झाकणाची कड नखानं खरवडून पाहत. "सील असलं म्हनजे काय झालं? सील बी बाजारात भेटते." जुने ब्रेक पॅड काढले की दगडावर ठेवून हातोड्यानं त्यांचे तुकडे करत. का, तर कोणीतरी ते उचलून, रंग मारून, नव्या खोक्यात घालून विकेल.

मला हे फार आवडायचं. माझं वाचनच पत्रकांवर झालेलं: मोर्चाची, ग्राहक मेळाव्यांची, बुवाबाजीविरुद्धची. त्या पत्रकांत जे ठळक अक्षरांत ओरडून सांगितलेलं असायचं, ते हा माणूस हातोड्यानं करत होता.

मी गेले ते दादाची गाडी घेऊन. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची लाल स्पोर्ट्स मोटारसायकल अमडापूरला आमच्या ओसरीत उभी राहिली. जुनी होती, पुढचं प्लास्टिक तडकलेलं, पण इंजिन अजून तरुण होतं. माझं काम मोताळ्याकडच्या गावांत, बचत गटांच्या बैठका घेण्याचं. म्हणजे बुलढाण्याच्या पुढे घाट उतरणं आलंच. त्या उतारावर एकदा मागचा ब्रेक तापून निकामी झाला, पुढचा दाबला तर तो नुसताच मुठीला टेकला. गिअर पाडत पाडत, कडेच्या मुरमात गाडी घालून मी थांबले.

मिस्त्रींनी पुढचा ब्रेक दाबून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा कधी दाबतच नाही का तू?"

"नाही. पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो."

"कोनं सांगतलं?"

"बाबांनी."

"हं." त्यांनी चष्मा खाली घेतला. "अख्ख्या जिल्ह्याच्या बापांनी हेच सांगतलं आहे. कंपनीवाल्यांनी एवढी मोठी चकती समोर लावली, ते काय आरशासारखी तोंड पाह्याले?"

त्यांनी चकतीला दोन्हीकडून आवळणारा कॅलिपर उघडून दाखवला. आतले पिस्टन मळानं धरले होते, पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते. न वापरल्यामुळे ब्रेक मेला होता. त्यांनी सगळं धुतलं, नवे पॅड घातले, मुठीजवळच्या मास्टर सिलिंडरचे रबर बदलले, नवं ऑइल भरून पाइपात अडकलेली हवा काढली; आत हवा राहिली की ब्रेक मऊ पडतो. मग मला दुकानासमोरच्या रस्त्यावर फेऱ्या मारायला लावल्या. "एकदम नाही. आधी हळू, मंग जोरानं. लिंबू पिळते तसं." संध्याकाळपर्यंत मी दोन बोटांनी गाडी उभी करू लागले होते.

आठवडा झाला नाही तोच ब्रेक पुन्हा मऊ पडला.

मिस्त्रींनी आधी पॅड आणि रबर देणाऱ्या अकोल्याच्या दुकानदाराला शिव्या घातल्या. मग ऑइलवर संशय, मग जुन्या रबरी पाइपावर. "दाबलं की पाइपच फुगते, जोर चकतीपर्यंत जातच नाही." त्यांनी स्टीलची जाळी गुंडाळलेला पाइप मागवून बसवला. ब्रेक दगडासारखा कडक झाला. आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मऊ.

आता संशयाची पाळी माझी होती.

"खरं सांग, फोनवर व्हिडिओ पाहून काही उघडून पाह्यलं का तू?"

"काका, मी हात लावलेला नाही."

"मंग हवा काय उडून घुसली?"

मी चिडले. मलाही त्यांच्याबद्दल शंका यायला लागली होती. एवढं फोडाफोडीचं नाटक करणारा माणूस, काम मात्र टिकत नाही. कदाचित हातोडा गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरताच असेल. तिकडे शेजारच्या चहाच्या टपरीवर जीपवाल्यांना विषय मिळाला होता. "काय बे मिस्त्री, ताईची गाडी आज तुह्या दुकानापुढं थांबली, का थेट खामगावले जाऊन थांबली?" सगळे हसत. मिस्त्री हसत नसत. त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं हेच होतं, की माझ्या हातचा ब्रेक लागतो. तेवढंच त्यांच्याकडे होतं. त्यांच्या दोन ठरलेल्या गिऱ्हाइकांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केलेलीही मी पाहिली.

तिसऱ्या खेपेला त्यांनी हवा काढली, आणि कॅलिपरवर जिथून हवा काढतात त्या छोट्या बोल्टवर ट्रॅक्टरच्या पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. अर्धी बोल्टवर, अर्धी कॅलिपरवर. मला काही बोलले नाहीत. ब्रेक पुन्हा मऊ पडल्यावर मी गाडी नेली, तेव्हा ते खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"ये. पाह्य."

रेघ तुटली होती. बोल्टवरचा तुकडा बाजूला सरकला होता.

"पाना लावला कोनंतरी. गाडी रातची कुठं राह्यते?"

"घरी. ओसरीत."

"मंग चोर घरातलाच आहे, पोरी."

मला ते अपमानास्पद वाटलं. घरात आई, बाबा आणि मी. ते म्हणाले, "मी येतो." आणि बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून खरंच आले. दुकान बंद ठेवणं हे त्यांच्यासाठी केवढं होतं, ते टपरीवाल्यांना विचारा.

बाबा बाजारात वांगी आणि मेथी घालून नुकतेच परतले होते. आईनं चहा दिला. मिस्त्रींनी आईला विचारलं, मला पुन्हा विचारलं, शेजाऱ्याचं कोणी येतं का विचारलं. बाबांना मात्र त्यांनी काही विचारलं नाही. वयस्कर, सरळ, बागायतदार माणूस. त्यांच्याशी ते वांग्याच्या भावाचंच बोलत होते. आयुष्यात एकदाच त्यांनी कोणाला संशयातून सूट दिली, आणि तीही चुकीच्या माणसाला.

बाबांनी कप खाली ठेवला.

"मिस्त्री, तिले बोलू नका. मीच करतो थे."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला.

"विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की पानी फेकत नाही," बाबा म्हणाले. "मनलं, हेचंही तसंच असन. जरासा ढिला करायचा, एकदा दाबायचा, पुन्हा कसून टाकायचा. हवा जाते आत."

"पण काऊन?" आई म्हणाली.

बाबांनी सांगितलं. लग्नाआधीची गोष्ट, दुसरबीडच्या अलीकडच्या वळणाची. त्यांचा मित्र गाडी चालवत होता, बाबा मागे. रस्त्यावर मुरूम पडलेला. मित्रानं घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. बाबा शेतात जाऊन पडले. मित्र रस्त्यावर राहिला. पुन्हा उठला नाही.

मी आतून पेटले होते. मुलीला गाडी दिली म्हणून गावात मिरवायचं आणि तिच्या हातातला ब्रेक गुपचूप काढून घ्यायचा, आणि त्याला माया म्हणायचं! माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला. मी म्हटलं, "दादा चालवत होता तेव्हा नाही केलं तुम्ही हे. मी मुलगी म्हणून!"

"त्याचाही केला होता," बाबा खाली पाहत म्हणाले. "गाडी घरात आली तवापासूनच."

मिस्त्रींना एवढं हसू फुटलं की चहा शर्टवर सांडला. माझा मथळा तिथंच फाटला. राग मात्र गेला नाही. मी सांगितलं, मी घाटात कशी थांबले ते. हे मी घरी कधी बोलले नव्हते. बाबांचा चेहरा पाहवत नव्हता.

मला वाटलं, आता मिस्त्री त्यांना फैलावर घेतील. एवढे दिवस त्यांचं नाव गेलं होतं, ते याच माणसामुळे. पण ते उठले, पिशवीतून पाना, पारदर्शक नळी आणि ऑइलची बाटली काढली, झाकण खरवडलं, आणि म्हणाले, "भाऊ, इकडं या. एका मानसाचं काम नाही हे."

बाबा गाडीजवळ गेले. मिस्त्री चाकापाशी बसले.

"दाबा. सोडा. पुन्हा दाबा. आता धरून ठेवा." नळीतून बुडबुडे आले. "हे पाह्यलं? हे तुम्ही भरलं होतं. सोडा. दाबा."

बराच वेळ ते चाललं. मूठ हळूहळू कडक होत गेली, ती बाबांच्याच हाताला कळत होती. शेवटी नळीत नुसतं तेल आलं, बुडबुडा नाही. मिस्त्रींनी बोल्ट कसला, पण उठले नाहीत.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

बाबांनी पुन्हा दाबून पाहिलं. "झालं."

"तुमचा दोस्त ब्रेकनं नाही गेला, भाऊ. एकदम दाबला, अन् मुरमावर दाबला. त्याले कोनी शिकवलंच नव्हतं. हिले मी शिकवलं आहे."

जेवायला ते थांबले नाहीत. पुढच्या वेळी टपरीवर मी खरी गोष्ट मोठ्यानं सांगितली, बाबांच्या परवानगीनं. मिस्त्रींनी ऐकू येत नसल्यासारखं केलं आणि दुसऱ्याच गाडीचे पॅड फोडत बसले.

त्यांच्या संशयाची आरती ओवाळावी असं मला वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तर डॉक्टर तपासणीला अकोल्याला जा म्हणाले. मिस्त्री गेले नाहीत. "कमिशन असते त्याहिचं तिथं." असतंही कधी कधी, हे मला ठाऊक आहे. यावेळी नव्हतं.

मिस्त्री वारल्याची बातमी आली त्या दिवशी बाबा म्हणाले, "गाडी काढ. मी मांगं बसतो." त्या गाडीवर ते कधीच बसले नव्हते.

चिखली जवळ आली तेव्हा एका शेतातून कुटार, म्हणजे भुसा, भरलेला ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर आडवा आला. मी दोन बोटांनी पुढचा ब्रेक दाबला, मग आणखी. गाडीचं नाक खाली बसलं आणि ती ट्रॅक्टरच्या बरीच अलीकडे उभी राहिली. बाबांचे हात माझ्या खांद्यांवर होते. ते आवळतील म्हणून मी वाट पाहिली. ते तसेच होते, सैल.

ट्रॅक्टर निघून गेला तरी मी उभीच.

"चाल नं," बाबा म्हणाले. "लोकं थांबले असतीन."