वडसाचं श्रेय वडसाला

वसुधाबाई निकुरे यांच्याशी माझी ओळख झाली ती एका प्रश्नाने, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न मला आवडला नव्हता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बांबू कारागिरांचा माल विकणाऱ्या आमच्या संस्थेचं कार्यालय तेव्हा चंद्रपुरात एका सायकल दुकानाच्या माडीवर होतं आणि प्रचाराचं काम बाईंकडे होतं. नोकरी मागायला मी भर उन्हात जिना चढून गेलो. पाण्याचा गडवा पुढे करत बाईंनी विचारलं, "आमचा पत्ता तुमाले कोनं देला?" मी म्हणालो, असाच कळला. "असंच काई कळत नसते," असं म्हणून त्या थांबल्या. शेजारच्या छापखानेवाल्यांचं नाव मी सांगेपर्यंत त्यांनी माझा अर्ज उघडला नाही. नोकरी लागल्यावर त्यांनी मला दिलेलं पहिलं काम म्हणजे त्या छापखानेवाल्यांना जाऊन आभार सांगणं.

पुढे काही वर्षांनी संस्थेची वेबसाइट झाली. बांबूचे दिवे, सुपं, टोपल्या पडद्यावर दिसू लागल्या आणि आम्ही हुरळून गेलो. वेबसाइटकडे नेणारी लिंक जो तो जमेल तिथे पाठवू लागला. बाईंचा जुना प्रश्न मात्र कायम होता: आलेला माणूस कोणाच्या सांगण्यावरून आला? इथे पाणी देऊन विचारायची सोय नव्हती. तेव्हा त्यांनी प्रत्येक लिंकच्या शेवटी खुणा जोडण्याची पद्धत पाडली. लिंक पाठवली कोणी, मेलने की जाहिरातीतून, आणि कोणत्या मोहिमेसाठी, हे त्या खुणांमध्ये असे. लिंक उघडली की ते आपोआप मोजणीत उतरत असे. आम्ही त्याला शेपूट म्हणायचो. शेपटाशिवाय लिंक बाहेर जायची नाही, आणि शेपटातली नावं सगळ्यांनी एकच वापरायची, हा बाईंचा दंडक. मला तो जाच वाटे आणि तसं मी बोलूनही दाखवत असे. बाई शांतपणे ऐकून घेत आणि लिंक दुरुस्तीला परत पाठवत.

त्याच सुमारास संचालक मंडळाने पसारा आवरायचं ठरवलं आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा गावचं आमचं प्रशिक्षण केंद्र बंद करावं असा सूर निघाला. धानाची कामं आटोपली की आसपासच्या गावांतल्या बायांना तिथे बांबूकाम मिळे; त्यांच्यासाठी दुसरं काही नव्हतं. केंद्र सांभाळणाऱ्या सुमनबाई भोयर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आला की कोणत्या गावी कोणतं नाटक आहे ही खबर नागपूर-हैदराबादकडे नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांना मेलने कळवीत आणि खाली वेबसाइटची लिंक देत. मोजणीत मात्र वडसाच्या नावावर नगण्य माणसं दिसत होती. सगळ्यांत वर होतं गिऱ्हाइकांना मेलने जाणारं बाईंचं स्वतःचं साप्ताहिक पत्र. ते पत्र बाई जीव ओतून लिहीत. मंडळाने त्यांचं कौतुक केलं आणि केंद्र बंद करण्याच्या अहवालावर सही मागितली.

बाईंनी सही केली नाही. मोजणीतले नाव-गाव नसलेले पाहुणे नाटकांच्याच दिवसांत एवढे का वाढतात, एवढंच त्या विचारत राहिल्या. मंडळाकडून त्यांनी एक हंगाम मागून घेतला आणि मला बरोबर घेऊन रेल्वेने वडसा गाठलं. तिथे उलगडा झाला. केंद्रातून परस्पर गेलेल्या बऱ्याचशा लिंकना शेपूटच नव्हतं. ज्यांना होतं, त्यांतल्या काहींवर वडसा आणि काहींवर देसाईगंज. सरकारी कागदावर देसाईगंज आणि माणसांच्या तोंडी वडसा, अशी त्या गावाची दोन नावं, आणि मोजणीने ती दोन वेगळी गावं धरली होती.

सुमनबाईंचा चेहरा उतरला होता. बोलणी बसणार असं त्यांना वाटलं असावं. बाईंनी त्यांच्याजवळ बसून कोणतं नाव ठेवायचं ते विचारलं. कार्यालयात चालतं तेच ठेवू, असं सुमनबाई म्हणाल्या. त्यावर बाईंचं उत्तर मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं: "पाठवनाऱ्या तुमी हा. तुमच्या तोंडात जे हाय तेच नाव ठेवा." त्या दिवसापासून वडसा हे नाव कायम झालं.

हंगाम संपल्यावर चित्र पालटलं होतं. वडसाची मेल सर्वांत पुढे होती आणि बाईंचं पत्र बरंच मागे पडलं होतं. केंद्र तसंही वाचतंय, पत्राचा विषय काढूच नका, असं मी बाईंना सुचवलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "गिऱ्हाईक वडसानं आनलं, माह्या पत्रानं नाई. पत्र बंद करू आनि तो वेळ वडसाले देऊ." आवाज जराही हलला नाही. केंद्र वाचलं. जिना उतरताना मलाच रडू आलं, कारण ते पत्र त्यांच्यासाठी काय होतं हे मी रोज पाहत होतो. शेवटचं पत्र त्यांनी सगळंच्या सगळं वडसाच्या बायांवर लिहिलं.

घरच्या बाबतीतही त्यांचा हाच बाणा. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा बाईंकडून रोज डबा येई. आईने एकदा भाजी वाखाणली, तर दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर निरोप आला की भाजी शेजारच्या काकूंच्या हातची होती. आजारी माणसाच्या कौतुकातलाही दुसऱ्याचा वाटा स्वतःकडे ठेवणं त्यांना जमलं नाही.

यंदा बाई साठ वर्षांच्या होत आहेत. समारंभाचं निमंत्रण मेलने पाठवायचं ठरल्याचं कळताच त्यांनी मला फोन करून लिंकला शेपूट लावलं का ते विचारलं. लावलं होतं. सर्वांत जास्त होकार वडसाकडूनच आले आहेत. सुमनबाई केंद्रातल्या बायांना घेऊन निघणार आहेत. त्यांनी माझ्याकडे निरोप दिला आहे, तो इथे मुद्दाम नोंदवतो: "बाईले सांगजा, आमाले इथी कोनं आनलं ते विचारू नका म्हना. तुमीच आनलं."

वसुधाबाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आजवर त्यांनी ज्याचं श्रेय त्याच्या पदरात घातलं. निदान त्या दिवशी तरी सुमनबाईंनी दिलेलं श्रेय त्यांनी परत करू नये, एवढीच त्यांना हात जोडून विनंती.