विकलोच्या डोंगरावरचा फोटो

आज नारळ खवताना विकलोचे डोंगर आठवले. तिथल्या गॉर्सच्या काटेरी झुडपांवरच्या पिवळ्या फुलांना अगदी ओल्या खोबऱ्याचा वास येतो.

२०२१चा मे महिना होता. आई गेल्यावर बाबा नागपूरहून माझ्याकडे आयर्लंडला, नास गावी आले आणि लॉकडाऊनमध्ये इथेच अडकले. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाने कॅमेरा बॅगेतून काढलाही नव्हता. जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठल्यावर पहिल्याच शनिवारी मी त्यांना विकलोला नेलं. वर पोचलो तर सगळीकडे धुकं.

"बाबा, परत येऊ कधीतरी," मी म्हणाले.

ते एका झुडपाशी वाकून फुलं हुंगत होते. "थांब गं. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरासारखा वास येतोय." आणि त्यांनी बॅग उघडली.

तासाभराने धुकं विरलं, खाली तळं चमकायला लागलं. मी बाजूला सरकले.

"कुठे चाललीस? उभी राहा तिथेच."

"अहो बाबा, सीनरी घ्या ना."

"डोंगर उद्याही इथेच असणार आहे."

फोटोत माझे केस वाऱ्याने विस्कटलेत आणि मागचा डोंगर पुसट आलाय. तेव्हा वाटलं होतं, एवढी सुंदर जागा वाया घालवली. आता तो फोटो नागपुरात बाबांच्या टेबलावर आहे आणि आल्यागेल्याला ते तो दाखवतात, "ही आयर्लंडची सीनरी."