बाबांच्या लेथचं हिरवं बटण

पाकिटातून आलेला सर्किट बोर्ड बाबांनी तळहातावर घेतला आणि उन्हात धरून उलटापालटा करून बघितला. पत्त्याच्या पानाएवढा, हिरवा.

"एवढासाक? अन् हा माही लेथ चालवंल?"

मी सांगितलं, कॉम्प्युटर जे म्हणतो ते हा मोटारींना समजावून देतो. बनवणाऱ्यानं याचा नकाशा सगळ्या जगाला खुला ठेवलाय. कोणीही बनवा, कोणीही बदला.

"फुकट? कावून पण? त्याले काय भेटलं?"

"ते मलेही नाई समजलं, बाबा."

अकोल्यात पत्र्याच्या शेडमध्ये बाबांची ही एकच लेथ. कापसाच्या जिनिंगवाल्यांचे बुश, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणारी पितळी कडी, त्यांनी आयुष्यभर तिच्यावरच काढले. मग उजवा हात थरथरायला लागला. मागच्या हंगामात बुश ढिले निघाले, परत आले, वर निरोप, काका आता आराम करा. आराम! बाबांना तो शब्द शिवीसारखा लागला. तेव्हापासून रोज सकाळी शेड उघडायची, मशीनला तेल द्यायचं, तिच्यावर जुनं धोतर टाकायचं आणि घरी यायचं. मला ते बघवत नव्हतं. या हंगामाचा पहिला बुश बाबांनीच काढावा, बस्स, एवढंच मला पाहिजे होतं. म्हणून हा बोर्ड मागवला.

मी अमरावतीला पॉलिटेक्निकात शिकवते. दर शनिवारी एसटीनं अकोल्याला जायचे. खिडकीबाहेर कपाशी फुटत असायची, डोळा लागायचा, आणि झोपेतही लाल वायर कुठं, काळी कुठं, हेच चालायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन हलली. दुपार होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे आलेले, त्यात धूळ तरंगत होती, आणि लेथचं चाक कोणी हात न लावता हळूहळू फिरत होतं. बाबा तोंडावर हात ठेवून उभे. खरं सांगते, तो आवाज मला आठवतच नाही. फक्त ते फिरणं आठवतं.

दसऱ्याला मी सासरी गेले. पुढच्या शनिवारी येऊन बघते तर मशीन ठप्प. पडद्यावर एकच रट, टोक आलं, टोक आलं. अहो, कुठलं टोक? हत्यार धरून सरकणारा गाडा तर मधोमध उभा! दिवसभर वायरी तपासल्या. शेवटी हा बोर्ड वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. कुठल्या देशातल्या कोणा अनोळखी माणसानं विचारलं, त्या सेन्सरच्या फटीत लाल काय दिसतंय?

कुंकू!

त्या फटीतून प्रकाशाची तिरीप जाते. ती अडली की मशीनला वाटतं टोक आलं. दसऱ्याला बाबा सगळ्या हत्यारांची पूजा करतात, आणि नव्या पाहुण्याला त्यांनी जरा जास्तच मानानं ओलं कुंकू लावलं होतं. फटीत ते वाळून बसलेलं.

"बाबा, ते काय देवाचं कपाळ हाय? समजत नाई तं हात कावून लावता?"

बोलून गेले. मी तशी फटकळच, माझ्या जिभेला हाड नाही. बाबांनी उजवा हात डाव्या काखेत दडवला.

"खरं हाय बाई. हा हात लागला का बिघडतेच आता."

आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. आयुष्यात मी पुष्कळांना तोडून बोलले, पण माझं ते वाक्य अजून छातीत सलतं.

स्पिरिटच्या कापसानं फट पुसली. मशीन चालू झाली. बाहेर जाऊन म्हटलं, "चला, बटण तुमीच दाबा."

"नाई. तूच दाब."

"मंग मीबी नाई दाबत. पडू द्या तशीच."

हट्ट मी त्यांचाच घेतलाय. शेवटी उठले. चालू करायला आणि थांबवायला एकच हिरवं बटण होतं. बाबांचं बोट त्यावर थरथरलं आणि मशीन चालू, बंद, चालू, बंद. नुसत्या उचक्या. चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागं घेतला.

"पाह्यलं?"

मी कॉम्प्युटरपुढं बसले. बाजारातला बंद डबा असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. इथं सगळं उघडं होतं. बटण दाबल्यावर बोर्डानं किती वेळ दुसरं काही ऐकायचं नाही, ती ओळ सापडली. किती वेळ लिहायचा? बाबांचा हात मी हातात घेतला आणि थरथर मोजत बसले. किती वर्षांनी धरला होता तो हात! डोळे भरून आले, पण आकडा बरोबर लिहिला.

"आता दाबा."

बोट बटणावर थरथरलं, तसंच. लेथ निघाली आणि थांबली नाही. पितळेचा सोनेरी कीस वेटोळे घेत खाली पडत राहिला. बाबांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते आपल्या बोटाकडे बघत होते.

"त्याले समजलंच नाई, बाई," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"माहा हात हालते ते."