शंभर वेळा नाही

लातूरच्या आमच्या दवाखान्याची तपासणी करायला वरून माणसं येणार होती. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी फर्मान काढलं, की प्रत्येक पेशंटला 'जीव नकोसा वाटतो का?' असं विचारून फॉर्म भरायचा. दुसऱ्या दिवशी ओपीडीची गर्दी बघून त्यांनीच अक्कल पाजळली: एका फॉर्मवर सगळीकडे 'नाही'वर टिक करा, त्याच्या शंभर झेरॉक्स काढा आणि नाव तेवढं पेनानं लिहा. ती टिक मी केली. बारा वर्षं सिस्टर म्हणून काम केलेल्या मला लाज वाटली नाही, उलट काम वाचलं म्हणून बरंच वाटलं.

रेणापूरची एक सून डोकं दुखतं म्हणून सासूबरोबर आली. तिला नाव विचारलं तरी सासूच सांगायची. मी फॉर्म सहीसाठी पुढे सरकवला, तर ती तो वाचत बसली. फॉर्म कोणी वाचत नाही, याच भरवशावर तर आमचा कारभार चालला होता.

"ताई, मला न विचारताच न्हाई लिवलंय की," ती म्हणाली.

सासूला नंबर लावायला बाहेर पाठवून मी तो प्रश्न पहिल्यांदा तोंडानं विचारला.

"हाव," म्हणाली आणि रडायला लागली.

मी 'नाही'वरची टिक खोडून 'हो'वर केली आणि तिचा हात धरून तिला थेट मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. साहेबांनी आधी फॉर्म बघितला.

"सिस्टर, ही खाडाखोड कशाला? कोरा फॉर्म घ्यायचा ना."

कोरा फॉर्म अख्ख्या दवाखान्यात एकही नव्हता.